हाक कुणाची

सुलेखाच्या तोंडातली वाफ तिच्याच खांद्यावरून मागे जात होती. वारा समोरून होता, म्हणजे दरीपलीकडच्या एल्क हरणाला माणसाचा वास लागणार नव्हता. मांडीवर बंदूक ठेवून तिने गळ्यातली शिट्टी एल्क मादीच्या आवाजात वाजवली. उत्तर आलं नाही.

शेजारी बसलेल्या धाकट्या जावेने, मधुराने, तोंडाशी ओंजळ धरून नुसत्या गळ्यातून एकदाच हाक घातली. पलीकडून नराने लगेच लांब शीळ घातली.

सुलेखाचा जळफळाट झाला. "नशीबवान आहेस," म्हणत तिने लागोपाठ तीनदा शिट्टी फुंकली. पाइनच्या झाडांतून उतरू लागलेला नर थबकला आणि थेट तिच्याकडेच बघू लागला.

"वहिनी, पुरे! लांबच्याला एकदा बोलावून गप्प राहायचं. तुम्ही तर पानं वाढल्यासारख्या हाका मारताय."

सुलेखाला हे ठाऊक होतं. हाक बंदूकवालीच्या पाठीमागून आली, की जनावर तिच्या पलीकडे बघतं, हेही ठाऊक होतं. तरी कोलोरॅडोतले दोन हंगाम तिने बंदूक आणि शिट्टी दोन्ही स्वतःकडेच ठेवली होती आणि रिकाम्या हाताने घरी गेली होती. हाक मधुराची असती, तर जेवताना सगळे म्हणाले असते, धाकटीने आणलं.

नराने पाठ फिरवली. शिकारीच्या परवान्याचा हा शेवटचा दिवस होता. सुलेखाने शिट्टी गळ्यातून काढून खिशात कोंबली.

"मागे त्या झाडापाशी जाऊन बस," ती म्हणाली. "हाक तू घाल. आणि घरी मीच सांगेन, तुझी होती म्हणून."