राहिलेला अर्थ

शब्दकोशाच्या कचेरीत वरूनच ठरलं होतं, इंग्रजी 'सेट' या शब्दाची नोंद पूर्ण झाली की आमचे संपादक अण्णा निवृत्त. घरी त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं. म्हणून रोज संध्याकाळी ते निघाले की मी मुद्दाम फाटे फोडायचे.

"अण्णा, जेली सेट होते, तो अर्थ राहिलाय."

"अगं, खरंच की!" म्हणत ते खांद्यावरची पिशवी पुन्हा खुंटीला अडकवायचे.

मग टेनिसचा सेट काढला, नाटकाचा काढला, मोडलेलं हाड सेट करून झालं. एकदा तर मी शब्दाच्या मुळालाच हात घातला. "सेट म्हणजे मुळात बसवणं ना? मग कपबश्यांचा सेट कुठून आला?"

"तो वेगळ्या घरातला. लॅटिनमधून आलाय, अनुयायांच्या जथ्यावरून," म्हणाले, आणि खुशीत त्यावर टिपण लिहीत बसले.

शेवटी माझी पोतडी रिकामी झाली. "अण्णा, आता खरंच एकही अर्थ उरला नाही."

"आणि सूर्याचा?"

मी नोंद वरपासून खालपर्यंत पाहिली. सूर्याचं मावळणं, शाळकरी पोरांनाही ठाऊक असलेला अर्थ, तिथे नव्हताच.

"अहो, पण हा तर होता! मी स्वतः वाचलाय."

"मीच काढून ठेवला. म्हटलं, तुझे संपले की लागेल."

"परत लिहू?" मी विचारलं.

अण्णांनी खिडकीबाहेर बघितलं आणि पिशवी खुंटीला अडकवली.

"उद्या लिही. अजून उजेड आहे."