अटीवर जामीन

“दुसरा कोण होता?” न्यायाधीशबाईंनी पुन्हा विचारलं.

धाकट्याने तोंडात मिठाची गुळणी धरली होती. लाकडी कठड्यापलीकडे तो मान खाली घालून उभा होता आणि अलीकडच्या बाकावर त्याच्या आईचा जीव टांगणीला लागला होता. बोल ना रे मेल्या, एक नाव तर सांगायचंय, असं ती मनातल्या मनात त्याच्यावर ओरडत होती. शेजारी थोरला तिचा हात धरून बसला होता. त्याचाही तळवा घामाने ओला होता. भावाची माया, दुसरं काय, असं तिला वाटलं.

गुन्हा साधासुधा नव्हता. गोदाम फोडताना रखवालदाराच्या डोक्यात लोखंडी कांब घातली होती. माणूस अजून शुद्धीवर आला नव्हता. पोलीस पोहोचले तेव्हा एक जण भिंतीवरून उडी टाकून पळाला. धाकटा मात्र रखवालदाराचं डोकं मांडीवर घेऊन, जखमेवर स्वतःचा शर्ट दाबून बसलेला सापडला. अठरावं नुकतंच सरलं होतं त्याचं.

धाकट्याच्या वकिलाने नेमकं तेच धरलं. पळायची संधी असताना जो पळाला नाही, तो आता कशाला पळेल, असं त्याने विचारलं. पण सरकारी वकील काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो म्हणाला, धोका याच्या पळण्याचा नाहीच. कांब घालणारा जोडीदार मोकळा फिरतोय. हा पोरगा बाहेर आला की तो याला गाठणार, धमकावणार, नाहीतर कायमचा गप्प करणार.

आई मनातल्या मनात तोलू लागली. आत ठेवला तर सराईत गुंडांच्या संगतीत पोर हातचं जाणार, बाहेर आणला तर तो राक्षस टपलेला. इकडे आड, तिकडे विहीर. तरी तिला तो बाहेरच हवा होता. निदान डोळ्यांसमोर तरी राहील.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. जामीन देते म्हणाल्या, पण एका अटीवर. घरच्या जबाबदार माणसाने याला आपल्या नजरेखाली ठेवायचं आणि त्या जोडीदाराची सावलीसुद्धा याच्यावर पडू द्यायची नाही.

आईचा जीव भांड्यात पडला. असा माणूस तिच्या घरात होता. वडील गेल्यापासून सगळा संसार थोरल्यानेच ओढला होता. कारखान्यात कायमची नोकरी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिने त्याला कोपराने ढोसलं. तो उठला, घसा खाकरला आणि म्हणाला की आम्ही दोघं एकाच खोलीत झोपतो, मी त्याला नजरेआड होऊ देणार नाही.

“मला जामीन नको,” धाकटा म्हणाला.

सकाळपासून त्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. वकिलाने कपाळाला हात लावला आणि पोरगं घाबरलंय, मनावर घेऊ नका, असं काहीबाही सांगू लागला. आईने धाकट्याकडे पाहिलं. तो न्यायाधीशबाईंकडे पाहत नव्हता, तिच्याकडेही पाहत नव्हता. तो थोरल्याकडे पाहत होता आणि थरथरत होता. अंधारात पाणी प्यायलाही न उठणारं हे पोर कोठडीत परत जायला तयार झालं होतं.

मग तिला आठवलं. गोदाम फुटलं त्या दिवशी पाळीवरून उशिरा आलेल्या थोरल्याने आपले कपडे आपणच धुतले होते. ज्याला पाण्याचा पेलासुद्धा हातात द्यावा लागतो, त्याने. तिला केवढं कौतुक वाटलं होतं. लेकाला अक्कल आली, येणारी सून सुखात राहील, असं तिने शेजारणीला जाऊन सांगितलंही होतं.

तिने थोरल्याकडे पाहिलं. गप्प बसली तर दोन्ही मुलं आजच घरी येणार होती. एकाच खोलीत झोपणार होती.

घरात तुम्हीही असताच ना, तुम्ही हमी देता का, असं न्यायाधीशबाईंनी तिला विचारलं.

“हो म्हण, आई,” थोरला हळूच म्हणाला.

ती उठली. उभं राहायला आधार हवा म्हणून तिने थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच घट्ट धरून ठेवला.

“धाकट्याची हमी मी देते, साहेब,” ती म्हणाली. “तुम्ही फक्त ह्याला ठेवून घ्या.”