लेथच्या पायाखाली

दांडा पुन्हा निमुळता निघाला. चकात पकडलेल्या टोकाला बरोबर, दुसऱ्या टोकाला केसभर जाड. त्याने मायक्रोमीटर काढून परत लावला. आकडा तोच.

"अरे, जन्मात एकदा तरी सरळ चाल की!" तो लेथवर ओरडला.

दारात उलट्या डब्यावर बसलेला भंगारवाला जागचा हलला नाही. "चालू द्या शेठ तुमचं. मला घाई नाही."

त्याला कशाला असेल घाई! बाहेर टेम्पो उभा होता. शेडमधलं सगळं सटरफटर वजन होऊन त्यात पडलं होतं आणि लेथचंही बोलणं झालेलं होतं. पंपवाल्याला आज संध्याकाळपर्यंत एक सरळ दांडा करून दाखवला, तर त्याचं कायमचं काम मिळणार. नाही जमलं, तर वडिलांचा लेथ टेम्पोत. नोकरी सुटलेल्या माणसाकडे या लेथशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं.

आणि काय करायचं बाकी ठेवलं होतं त्याने? वडील गेल्यापासून गंजत पडलेला लेथ रॉकेलने धुऊन काढला. हिरवा रंग दिला. शेजारच्या गवंड्याची स्पिरिट लेव्हल आणून चारही पाय असे बसवले की बुडबुडा अगदी मधोमध. बाबांनीसुद्धा हा इतका नीट कधी बसवला नसेल, असं आईला ऐकवूनही झालं. पट्टा बदलला, टूल बदललं, दांड्याचं दुसरं टोक धरणारा टेलस्टॉक इकडे सरकवला, तिकडे सरकवला. एकदा कशीबशी दोन्ही टोकं जुळली, तर दांड्याने मध्येच पोट काढलं! बाबा याच लेथवर सुतासारखे सरळ दांडे काढायचे. कसे, ते कधी सांगितलं नाही. विचारलं की "बघत राहा, कळेल," एवढंच. काय कळणार, कपाळ!

हातातला पाना त्याने रागाने आपटला. तो उसळून थेट लेथखाली, मागच्या पायापाशी गेला.

"घ्या! हेच राहिलं होतं."

तो पालथा पडला, आत हात घातला आणि तसाच थांबला. खालचा कोबा तेलाने काळाकुट्ट झाला होता. पण मागच्या पायाच्या कडेने एक फिका चौकोन अर्धवट डोकावत होता. तिथे वर्षानुवर्षं काहीतरी होतं. ते कुणी काढलं, हे त्याला लगेच आठवलं. लेव्हल लावताना त्या पायाखालून एक तेलकट पत्रा निघाला होता. बाबांचा गबाळेपणा म्हणत यानेच तो भंगाराच्या बादलीत फेकला होता.

मुद्दाम ठेवलेला पत्रा! लेथचा जुना बेड, टूल सरकतं तो लोखंडी पाट, झिजून एका अंगाला कलला होता, त्याला तेवढ्याच कोपऱ्यात उचल हवी होती. बाबांनी दांड्याचं ऐकलं होतं आणि याने बुडबुड्याचं.

"बादली कुठाय?" तो धडपडत उठला.

"ती टेम्पोत ओतली की, शेठ. वजन झालंय."

तो टेम्पोत चढला. तारा, तुटकी गिअरं, डबे, सगळं उपसून काढलं. "अहो, शर्ट फाटेल, हात कापेल," असं भंगारवाला खालून म्हणत राहिला. शेवटी तळाशी तो सापडला. दुमडून, ठोकून चौपदरी केलेला पत्रा. त्याने अंगठ्याने मळ घासला. खालून पिवळा रंग निघाला, आणि त्यावर कर्कटकाने कोरलेलं विमान. दुमडीत गेल्यामुळे त्याला एकच पंख उरला होता.

आई चहा घेऊन दारात आली होती.

"आई, हे माझ्या कंपासपेटीचं झाकण! हरवलं म्हणून बाबांनी शाळेच्या दारात, सगळ्या पोरांपुढे कान पिळला होता माझा. हा असा!" त्याने तेलकट हाताने कान धरून दाखवला. "आणि स्वतःच पळवलं होतं?"

"आधी त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. घाईत हाताला आलं ते ठोकून सारलं. रात्री दिवा धरून बघितलं, तेव्हा कळलं."

"मग बोलले का नाहीत?"

"बोलता येत होतं का त्यांना? दुसऱ्या दिवशी नवी पेटी आणली की. न मागता त्यांनी आणखी काही आणलेलं आठवतंय तुला?"

"मला पेटी नको होती," तो म्हणाला. "तुझी चूक नव्हती, एवढं त्यांनी म्हणायचं होतं."

आईने चहा उंबऱ्यावर ठेवला.

त्याने पहार लावून पाय उचलला, झाकण त्याच चौकोनावर सारलं, बोल्ट आवळला. नवा दांडा चढवला. कट घेतला. आधी एक टोक मोजलं, मग दुसरं, मग मध्य. पुन्हा तिन्ही ठिकाणी मोजलं. कुठेच फरक नव्हता. बेडवर विसरलेल्या लेव्हलमधला बुडबुडा एका कडेला जाऊन बसला होता.

पुन्हा डब्यावर येऊन बसलेला भंगारवाला उठला, पँट झटकली. "म्हणजे लेथ नाही?"

"नाही."

"मग पत्र्याचं वजन तेवढं वजा करावं लागेल." जाता जाता तो वळला. "आणि शेठ, तुमच्या कानाला काळं लागलंय."

"असू द्या," तो म्हणाला, आणि फडक्याने दांडा पुसायला लागला.