न उघडलेलं पाकीट

कंपनीची स्वतःची कंटेनर रजिस्ट्री, म्हणजे सॉफ्टवेअरचं कोठार, ऑफिसातल्या ताईंनी एकहाती उभारली. साहेबांसमोर मात्र त्यांच्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यानं खुशाल "मीच उभारली" ठोकून दिलं आणि बढती पदरात पाडून घेतली. नोकरी सोडताना ताईंनी त्याच्या टेबलावर पाकीट ठेवलं. चोराच्या मनात चांदणं! शिव्याच असणार म्हणून त्यानं ते न उघडताच खणात कोंबलं. आज वर्षभरानं रजिस्ट्री कुणालाच दार उघडेना. साहेब मानगुटीवर बसले, "तूच उभारलीस ना? मग बघ!" टिपणं शोधताना त्यानं खण उपसला, नाइलाजानं पाकीट फाडलं. आत शिवी एकही नव्हती. "रजिस्ट्रीचं सुरक्षा-सर्टिफिकेट वर्षानं संपेल, मग ती कुणालाच उघडणार नाही; आधीच बदल. तू विसरशील, म्हणून पायऱ्या लिहिल्यात." त्यानं ओळीवर बोट ठेवत सर्टिफिकेट बदललं, रजिस्ट्री उघडली. साहेबांनी पाठ थोपटली. ताईंचं नाव सांगायला त्यानं तोंड उघडलं. बाहेर पडलं, "थँक्यू, सर."