आठवी घंटा

सव्वाशे वर्षांच्या त्या व्हिक्टोरियन घराच्या भिंतींतून तांब्याच्या तारा फिरवलेल्या होत्या. वर कुणी दांडी ओढली, की खाली स्वयंपाकघरात घंटा वाजायची आणि मोलकरीण धावत सुटायची. त्या बंद पडलेल्या घंटा दुरुस्त करायला आलेल्या वायरमनच्या आजीचे पाय अशाच एका घरात घंटांमागे धावून झिजले होते. तरी पठ्ठ्याने पंधरा दिवस खपून सात घंटा बोलत्या केल्या. एकेक वाजली, की नव्या मालकीणबाई टाळ्या पिटायच्या.

आठवी तार मात्र त्याला चकवत होती. तिची दांडी निघाली पार माळ्यावर, मोलकरणीच्या खोलीत, खाटेच्या उशाशी. त्याने ती ओढली.

"दादा, वाजली! इकडे वाजली!" बाई मधल्या मजल्यावरून ओरडल्या.

तो दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आला. घराच्या पहिल्या मालकिणीची ती झोपायची खोली. पलंगामागच्या भिंतीवर घंटा अजून थरथरत होती.

"मोलकरणीने ओढायची आणि मालकिणीने धावायचं? छे!" बाई म्हणाल्या. "तेव्हाच्या मिस्त्रीने तार उलटी टाकली असणार. काढून टाका ती."

वायरमन स्टुलावर चढला. घंटेच्या आतल्या लोलकावरून त्याने अंगठा फिरवला, आणि त्याचा चेहरा खुलला.

"चूक असती तर पहिल्याच दिवशी काढली असती, बाई. आठांत सगळ्यात जास्त हीच झिजलीय!"