माळावरचा ठिपका

दोन हजार बारा साली गावातलं घर न् घर नकाशावर चढलं. अडीनडीला ॲम्ब्युलन्सला पत्ता विचारत फिरावं लागू नये, एवढाच हेतू. ग्रामपंचायतीच्या कचेरीतल्या काकू प्रत्येक उंबऱ्यावर उभ्या राहून मोबाइलचं बटण दाबत, की नकाशावर तिथे ठिपका उमटे.

काकूंच्या स्वतःच्या घराचे मात्र दोन ठिपके उमटले. एक घरावर, दुसरा पलीकडच्या ओसाड माळावर.

"काय हो काकू, गुपचूप बंगला बांधलात?" म्हणत कचेरीतल्या साहेबांनी माळावरचा ठिपका पुसला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच होता.

एका सकाळी काकूंच्या यजमानांच्या छातीत कळ आली. काकूंनी ॲम्ब्युलन्स बोलावली आणि त्यांचा हात धरून बसल्या. भोंगा दारावरून पुढे गेला, माळावर थांबला आणि मग दवाखान्याच्या दिशेनं विरत गेला.

काकूंनी घाईनं ड्रायव्हरला फोन लावला. "अहो, परत फिरा! पेशंट इथे घरी आहे!"

"काकू, धीर धरा," ड्रायव्हर म्हणाला. "काका तुमच्या मांडीवर तर आहेत. मागे बसून फोन कशाला करताय?"

यजमान दुपारच्या आत घरीच, काकूंच्या हातात हात ठेवून गेले. काकूंना रडूसुद्धा आलं नाही.

पुढे साहेबांची बदली झाली. काकू एकट्याच राहिल्या. ड्रायव्हर निवृत्त झाल्यावर एकदा बाजारात भेटला.

"काल माळावर काका दिसले. तब्येत झकास आहे की हो!"

"हो," काकू म्हणाल्या, "आता बरं आहे त्यांना."