ओलांडलेलं पोर

लंडनमधल्या वेम्बलीच्या देवळामागच्या हॉलमध्ये मंडळाच्या बायका दर तीन महिन्यांनी पोरांची उंची मोजायच्या. नंदाच्या दोन वर्षांच्या लेकाचं डोकं पुन्हा भिंतीवरच्या मागच्या खेपेच्याच पेन्सिलीच्या रेघेला टेकलं. "हिनं झोपलेल्या पोराला ओलांडलं, वाढ खुंटणारच!" सासूबाई सगळ्यांदेखत कडाडल्या. मोजणाऱ्या सुहासिनीताईंनी विचारलं, "काकू, त्याला भरवता काय?" "वरण! मीच भरवते," म्हणत सासूबाईंनी डबा उघडला आणि वरवरचं पिवळं पाणी अलगद वाटीत ओतलं. "खालचं घट्ट पचत नाही. जयंतलासुद्धा मी हेच भरवलं." सगळ्या बायकांच्या नजरा दाराकडे वळल्या. नंदाचा नवरा जयंत कोर्टिना गाडीच्या किल्ल्या घेऊन दारात उभा होता, जेमतेम नंदाच्या कानाला लागेल एवढा. "त्याला माझ्या जावेनं ओलांडलं होतं," सासूबाई पुटपुटल्या, पण आवाज मध्येच विरला. त्यांनी वाटीतलं पाणी डब्यात परत ओतलं आणि तळापासून ढवळलं.